आधी काय करावे? परिचारिकेच्या परीक्षेतील आणि वॉर्डातील एकच प्रश्न

परिचर्येच्या परीक्षेत अलीकडे एक छोटासा शब्द विद्यार्थ्यांची खरी कसोटी पाहतो. तो शब्द म्हणजे 'आधी'. या रुग्णाबाबत परिचारिकेने आधी काय करावे, या चौघांपैकी आधी कोणाकडे जावे, अशा प्रश्नांना दिलेले चारही पर्याय बरोबर वाटतात. ती चारही कामे करायचीच असतात. गुण मिळतात ते त्यांच्या क्रमाला.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शासकीय व खासगी संस्थांत एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना हा शब्द पुढेही भेटत राहतो. बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर जीएनएमची राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. त्यानंतर शासकीय भरतीच्या परीक्षा आणि 'एम्स'मधील पदांसाठीची 'नॉरसेट' असते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना अमेरिकेची 'एनक्लेक्स' परीक्षा द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून तर 'एनक्लेक्स'ची रचनाच क्लिनिकल जजमेंट, म्हणजे रुग्णशय्येपाशी घ्यायचा सारासार निर्णय, मोजण्याच्या दृष्टीने बदलण्यात आली आहे. व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्याची येथे अडचण होते, कारण प्रश्न व्याख्येचा नसतोच.

हा विषय केवळ परीक्षार्थींचा नाही. उपचार घेताना दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाला काही ना काही इजा पोहोचते आणि त्यातील निम्म्याहून अधिक प्रसंग टाळता येण्याजोगे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच कारणाने २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राऊंडला येतात. उरलेला सारा वेळ रुग्ण ज्यांच्या नजरेखाली असतो त्या परिचारिकाच होत.

रिकामी खाट हेही लक्षण

नजरेचे मोल किती, हे जळगावकरांना जून २०२० मध्ये फार वेदनादायक रीतीने कळले. करोनाची बाधा झालेल्या, भुसावळच्या ८२ वर्षांच्या एका वृद्धेला उपचारासाठी जळगावच्या शासकीय रुग्णालयात हलविण्यात आले होते. दोन जूनपासून त्या वॉर्डात दिसेनाशा झाल्या. रुग्ण बेपत्ता झाल्याची तक्रार पोलिसांत गेली, शोध सुरू झाला आणि १० जूनला त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. या प्रकाराने राज्यभर संताप व्यक्त झाला आणि सरकारने अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले.

तो काळ विलक्षण ताणाचा होता. जिल्ह्यातील करोनाचा मृत्युदर त्या वेळी देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता, संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नव्हता आणि संरक्षक पोशाखात कर्मचाऱ्यांना तासन्‌तास काम करावे लागत होते. दोष कोणाचा, हा चौकशीचा विषय. विद्यार्थ्यांसाठी त्यातील धडा वेगळा आहे. रक्तदाब आणि ताप यांइतकीच रिकामी खाट हीसुद्धा नोंद घेण्याजोगी गोष्ट असते. वृद्ध, अशक्त, प्राणवायूची गरज असलेला रुग्ण खाटेवर नाही, तर 'आधी' काय करावे? सर्वांत जवळची आणि सर्वांत धोक्याची जागा आधी पाहावी. आजारी माणूस उठतो तो बहुतेकदा स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी. तोल जाऊन पडणे किंवा धाप लागून कोसळणे हे तिथेच अधिक घडते. स्वच्छतागृहाच्या दाराला बाहेरून उघडता येणारी कडी असावी आणि ड्युटी बदलताना रुग्णांची प्रत्यक्ष खाटेपाशी जाऊन मोजणी व्हावी, हे नियम अशाच अनुभवांतून आलेले आहेत.

निर्णयाच्या पायऱ्या

अनुभवी सिस्टर रुग्णाकडे नुसते पाहून 'याचे काही ठीक दिसत नाही' असे म्हणतात, तेव्हा ती अंतःप्रेरणा वाटते. प्रत्यक्षात त्यामागे विचारांची एक साखळी असते. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक क्रिस्टिन टॅनर यांनी २००६ मध्ये ती चार शब्दांत मांडली: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्याचा मागोवा घेणे. 'एनक्लेक्स'ने तिच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. खुणा ओळखणे, त्यांचा परस्परसंबंध जोडणे, संभाव्य कारणांत धोक्याचे कारण वर ठेवणे, उपाय सुचविणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे, अशा त्या पायऱ्या होत.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, नवशिकी परिचारिका नियमाचा आधार घेत चालते, तर तज्ज्ञ परिचारिका संपूर्ण परिस्थिती एका दृष्टिक्षेपात वाचते. मधले अंतर काही महिन्यांत कापता येत नाही. म्हणूनच विद्यार्थिदशेत नियमांची साथ सोडू नये. श्वसनमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा क्रम; स्थिर रुग्णाआधी अस्थिर रुग्ण; अपेक्षित तक्रारीआधी अनपेक्षित बदल; आणि कृतीआधी तपासणी, मात्र तपासणी प्रश्नातच दिलेली असेल तर थेट कृती. बहुसंख्य प्रश्न या चार नियमांनी सुटतात.

उदाहरणच घ्यायचे तर, संध्याकाळी एकाच वेळी चार हाका आल्या. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण दुखण्याचे इंजेक्शन मागतो आहे. एकाची सलाईन संपत आली आहे. एकाच्या नातेवाइकांना डिस्चार्जचे कागद हवे आहेत. दम्याच्या झटक्याने दुपारपासून तळमळणारा रुग्ण मात्र आता शांत झाला असून त्याला झोप लागल्यासारखी दिसते. नवखी विद्यार्थिनी इंजेक्शनकडे वळते, कारण तिथे आवाज मोठा असतो. आधी जायचे असते ते त्या शांत झालेल्या रुग्णाकडे. छातीतील सूं-सूं आवाज थांबला तो दमा उतरल्यामुळे की हवाच आत-बाहेर होईनाशी झाल्यामुळे, हे जवळ गेल्याखेरीज कळत नाही. थकलेल्या श्वासाची परिणती अनेकदा अशा शांततेतच होते.

आकडे एकत्र वाचावेत

टीपीआर चार्ट भरणे हे विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे पहिले काम. ते कंटाळवाणे समजले जाते, परंतु निर्णयबुद्धीची पेरणी तिथेच होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज' ही गुणांकन पद्धत यासाठी अभ्यासण्याजोगी आहे. श्वसनाचा वेग, रक्तातील प्राणवायू, बाहेरून प्राणवायू द्यावा लागतो का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना बिघाडाच्या प्रमाणात गुण दिले जातात.

समजा, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाचा श्वास मिनिटाला २२, प्राणवायू ९४ टक्के, वरचा रक्तदाब १०४, नाडी ११२ आणि ताप १०१ अंश फॅरनहाइट आहे. रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो आहे. यातील एकही आकडा सुटा पाहिला तर धावपळ करावी असा वाटत नाही. 'न्यूज'नुसार मात्र त्यांचे अनुक्रमे २, १, १, २ आणि १ असे एकूण सात गुण होतात. सात किंवा अधिक गुण म्हणजे तातडीने वरिष्ठ डॉक्टरांना बोलवावे, अशी ही पद्धत सांगते. शरीरात पसरणारा जंतुसंसर्ग किंवा आतल्या आत होणारा रक्तस्राव अशाच किरकोळ दिसणाऱ्या आकड्यांतून प्रथम डोकावतो. रक्तदाब कोसळतो तो बराच नंतर. बाळंतिणीच्या रक्तस्रावातही नाडी आधी वाढते. रक्तदाब घसरण्याची वाट पाहत बसले, तर मोलाची मिनिटे हातची जातात.

या सात गोष्टींत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो श्वास. यंत्र नाडी आणि प्राणवायू दाखवते. श्वास माणसालाच मोजावा लागतो. न मोजताच 'अठरा' किंवा 'वीस' लिहून टाकण्याची खोड जगभरच्या वॉर्डांत आढळते. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजण्याची सवय पहिल्या वर्षी जडली, तर ती परीक्षेत आणि नोकरीत दोन्हीकडे उपयोगी पडते.

शेतातून आणलेले दोन बेशुद्ध रुग्ण

खानदेशातील रुग्णालयांत निर्णयबुद्धीची परीक्षा पाहणारा एक खास प्रसंग आहे. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. केळी आणि कपाशीच्या या पट्ट्यात कीटकनाशकेही घरोघरी असतात. दुपारी एखाद्या शेतमजुराला ग्लानीच्या अवस्थेत आणले जाते आणि सोबतचे लोक 'ऊन लागले' एवढेच सांगतात. ते ऊन असेल, विषबाधाही असेल.

उष्माघातात अंगाचा ताप १०४ फॅरनहाइटच्या वर जातो आणि रुग्ण असंबद्ध बोलतो किंवा बेशुद्ध होतो. त्वचा कोरडी पडते असे पुस्तकात वाचलेले असते; मात्र उन्हात राबणाऱ्या तरुण मजुराला घामही सुटलेला असू शकतो. त्यामुळे एकट्या घामावरून निष्कर्ष काढू नये. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाची बाधा असेल, तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ येते, छातीत घरघर असते, नाडी बहुधा मंद असते आणि कपड्यांना औषधाचा उग्र दर्प येतो. थर्मामीटर, बाहुल्या, तोंड आणि वास या चार गोष्टी पाहायला एक मिनिट पुरते.

पहिल्या रुग्णात श्वसनमार्ग मोकळा असल्याची खात्री करून लगेच अंग थंड करण्यास सुरुवात करायची असते. तापाच्या गोळ्या येथे कामाच्या नाहीत. दुसऱ्यात हातमोजे घालून कपडे उतरविणे, घशातील स्राव ओढून काढणे, साबण-पाण्याने अंग धुणे आणि डॉक्टरांच्या आदेशानुसार अॅट्रोपिन देणे हे काम असते. अॅट्रोपिन पुरेसे झाले की नाही, हे बाहुल्यांवरून ठरवू नये. छातीतील घरघर थांबली का आणि नाडी सुधारली का, हे पाहावे. परीक्षेत याच ठिकाणी गुण जातात.

खरी दक्षता पुढे लागते. विषबाधेचा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरा वाटू लागतो, नातेवाईक घरी नेण्याची भाषा करतात आणि नेमक्या याच सुमारास काही रुग्णांचे स्नायू दुबळे होऊन श्वास थांबण्याचा धोका निर्माण होतो. पहिली खूण अगदी साधी असते: उशीवरून मान उचलता येत नाही. दर ड्युटीला 'बाबा, मान उचलून दाखवा बरं' असे सांगणारी परिचारिका हा धोका काही तास आधी ओळखते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

भाषेचाही येथे संबंध येतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारे रुग्ण पावरी, भिली, तडवी बोलतात. गावाकडचे अनेक जण अहिराणीतच मोकळे होतात. बदलीने किंवा शिक्षणासाठी बाहेरून आलेल्या परिचारिकेला रुग्णाची तक्रार अर्धीच समजते. दुखणे, धाप, चक्कर, लघवी यांसाठी स्थानिक शब्द शिकून घेणे हाही रुग्ण सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

बाटली दिसते तशी नसते

औषधांच्या चुका अज्ञानापेक्षा घाईतून अधिक होतात. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेत १२ बालकांना लशीच्या थेंबांऐवजी हातावर चोळण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. पोलिओच्या कुपीवर एक लहान चौकोनी खूण असते. उष्णतेने लस निकामी झाली का, हे तिच्या रंगावरून कळते आणि प्रत्येक कुपी वापरण्यापूर्वी ती पाहणे अपेक्षित असते. ती पाहण्याचा नेम पाळला, तर दुसरी बाटली हातात राहूच शकत नाही. तिच्यावर ती खूणच नसते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम विद्यार्थ्यांना पोपटासारखे येतात. त्यांची किंमत प्रत्येक वेळी थांबून वाचण्यात आहे.

इन्सुलिनचे गणितही असेच फसवे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. आता १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर ते अर्धा मिलिलिटर होते आणि रुग्णाच्या शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर झपाट्याने उतरून रुग्ण बेशुद्ध होण्यास एवढे पुरेसे आहे. उलट अदलाबदल झाली, तर २० ऐवजी आठच युनिट मिळतात. कुपीवरील आकडा आणि टोपणाचा रंग जुळतो का, हे पाहायला पाच सेकंद लागतात.

पाहिले ते सांगता आले पाहिजे

धोका ओळखला, परंतु योग्य व्यक्तीला योग्य शब्दांत सांगितला नाही, तर ओळखण्याचा उपयोग नाही. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरांना फोन करताना नवख्या परिचारिकेची जीभ अडखळते आणि 'सर, पेशंट जरा बरा वाटत नाही' एवढेच वाक्य निघते. पलीकडून 'बघतो' असे उत्तर येते. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली 'एसबार' पद्धत याच अडचणीवर तोडगा काढते. परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण आणि अपेक्षा या क्रमाने बोलायचे असते. 'सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बारा नंबरचा रुग्ण बिघडतोय. काल आतड्याचे ऑपरेशन झाले आहे. श्वास २२, नाडी ११२, रक्तदाब १०४, ताप १०१ आहे. सकाळी नाडी ८८ होती. तुम्ही आत्ता येऊन पाहावे.' हे सारे वीस सेकंदांत होते आणि त्यात टाळण्याला जागा उरत नाही. फोनवर मिळालेला आदेश परत उच्चारून खात्री करणे आणि तो वेळेसह लिहून ठेवणे हे त्यापुढचे काम.

ड्युटी बदलताना दिला जाणारा 'ओव्हर' हाही असाच नाजूक क्षण. टेबलापाशी वही वाचून दिलेल्या ओव्हरमध्ये कागद हस्तांतरित होतात. खाटेपाशी उभे राहून दिलेल्या ओव्हरमध्ये रुग्ण. या दोहोंतील फरक किती मोठा ठरू शकतो, हे जळगावच्या २०२० मधील घटनेने दाखवून दिले आहे.

येथे व्यवस्थेची जबाबदारीही स्पष्ट सांगितली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. एका सिस्टरकडे या प्रमाणाच्या अनेक पट रुग्ण सोपविले, तर उत्तम निर्णयबुद्धीही थकते. चूक सांगणाऱ्याला आधी शिक्षा आणि मग चौकशी अशी रीत असेल, तर चुका लपविल्या जातात आणि पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचतात. विद्यार्थ्याने 'मॅडम, हा डोस मला जास्त वाटतो' असे म्हटल्यावर परिसेविका रागावते की पुन्हा कुपी पाहते, यावर त्या वॉर्डाची सुरक्षितता ओळखावी.

अभ्यास कसा करावा?

परीक्षेच्या तोंडावर प्रश्नसंचांचे गठ्ठे सोडविण्याकडे कल असतो. प्रश्न जरूर सोडवावेत. परंतु प्रत्येक प्रश्नानंतर उरलेले तीन पर्याय का मागे पडले, हे एका ओळीत लिहावे. बरोबर उत्तरापेक्षा या तीन ओळी अधिक शिकवतात. वॉर्डातील पोस्टिंगच्या दिवशी एका रुग्णाची निवड करून त्याचे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत आणि काय बदलले, ते पाठ्यनिर्देशिकेला सांगावे. औषधांच्या मात्रेची गणिते तोंडी न करता कागदावर करावीत. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायची असून संचातून मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब, हे उत्तर एककांसह लिहिले म्हणजे दशांश चिन्हाची चूक सापडते. आणि ड्युटी संपताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: आज आपल्या लक्षात काय उशिरा आले?

रुग्णाच्या नातेवाइकांनाही यात वाटा उचलता येतो. 'कालपेक्षा आज हे वेगळे वागताहेत' हे घरच्या माणसाला सर्वांत आधी कळते. ते संकोच न करता सांगावे. औषध देण्यापूर्वी सिस्टर पुन्हा नाव विचारतात, म्हणून चिडू नये. ती विचारपूस आपल्याच माणसाच्या रक्षणासाठी असते.

परीक्षेतील 'आधी'चे चुकलेले उत्तर एका गुणाने भागते आणि पुढच्या वेळी सुधारता येते. रुग्णशय्येपाशी तशी पुरवणी परीक्षा नसते. म्हणून श्वास मोजणे, कुपी वाचणे आणि खाटेपर्यंत जाऊन पाहणे या तीन सवयी विद्यार्थिदशेतच अंगवळणी पडल्या पाहिजेत. गुणपत्रिकेत त्यांची वेगळी नोंद होत नाही. त्यांचा हिशेब घरी परतलेल्या रुग्णांत होतो.